फासिकाचा कांदा

एकादशीला साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, भगर, बटाट्याचा कीस आणि वर केळ्याचं शिकरण एवढं पोटात ढकलून ‘आज काही खायचं नाही बरं का’ असं सांगणाऱ्या घराण्यात माझा जन्म झाला. इथिओपियातला उपवास म्हणजे काय चीज असते हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मी विमानाचं तिकीट ६ मे २०२४ चं काढलं असतं. मी उतरलो एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे उपवास ऐन भरात असताना.

तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा उपवास ५५ दिवसांचा असतो. मांस नाही, अंडं नाही, दूध-दही-लोणी काही नाही. कडक पाळणारे तर दुपारपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नाहीत. कसायाची दुकानं बंद. साबुदाण्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. सकाळ-संध्याकाळ इंजेरा, म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली आंबोळीची थोरली बहीण, आणि तिच्यावर शिरो, म्हणजे डाळीच्या पिठाचं पिठलं. चव चांगलीच असते. पण मी निफाड तालुक्यातून समुद्र ओलांडून पिठलं खायला आलो नव्हतो.

आमची थोरली अदिस अबाबाच्या एका विद्यापीठात शिकवते. चार दिवस तिने मला सहन केलं. पाचव्या दिवशी म्हणाली, ‘‘बाबा, घरात बसून माझ्या फ्रिजचा हिशेब ठेवण्यापेक्षा जवळच्या बालगृहात जात जा. तिथे माणसं हवीच असतात.’’ मी गेलो. तिथे एक जर्मन नर्स होती, ती मुलांचे दात तपासायची. एक निवृत्त मल्याळी मास्तर होते, ते गणित शिकवायचे. त्यांचा मान मोठा. सम्राट हैले सेलासींच्या काळात भारतातून शेकडो शिक्षक तिकडे नेले होते, त्यामुळे अदिसमधला साठीचा कोणताही माणूस भारतीय दिसला की ‘आमचे गणिताचे सर भारतीय होते’ असं सांगतो आणि तुमच्याकडे अपेक्षेने बघतो. मी लासलगावच्या एका आडत पेढीवर दिवाणजी होतो. तोलाई, हमाली, कपात, हिशोबपट्टी, एवढंच मला येतं. संचालकबाईंनी थोडा विचार केला आणि मला कोठीघराचं रजिस्टर दिलं.

तिथले सण आणि साल याबद्दल एक सांगून टाकतो. त्यांच्या कॅलेंडरात महिने १३, आणि आपण २०२४ मध्ये असताना ते २०१६ मध्ये होते. म्हणजे त्यांच्या हिशेबाने मी अजून नोकरीत होतो आणि शेठ माझी वाट बघत होते. त्यांचा ईस्टरही वेगळा. पाश्चात्त्यांचा ३१ मार्चला होऊन गेला होता, यांचा, म्हणजे फासिका, ५ मेला.

हा फरक माहीत नसलेली एक परदेशी मंडळी मार्चअखेरीस चॉकलेटचे ससे घेऊन येऊन गेली होती. चॉकलेटमध्ये दूध. मोठ्या मुलांचा उपवास. मोठ्यांना नाही तर धाकट्यांनाही नाही, म्हणून सगळे ससे कोठीच्या कपाटात कुलपात. माझ्या रजिस्टरात पहिल्याच पानावर नोंद होती : ससे, दोन खोकी. मंडळींनी मात्र मुलांना मांडीवर घेऊन फोटो काढले आणि ती गेली. यावर मी अजूनही चिडतो. फोटो काढू नयेत अशी पाटी फाटकातच आहे. पण कॅमेरा दिसला की तिथली लहान मुलं आपणहून येऊन मांडीवर बसतात, ते कुणी शिकवलं त्यांना? दर पंधरा दिवसांनी नवी मावशी, नवा काका, आणि प्रत्येक जण ‘परत येईन’ म्हणणार. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या संसदेने परदेशी दत्तक बंद केलं. त्याआधी पाहुणे आले की एखादं मूल त्यांच्याबरोबर कायमचं जायचं. मोठ्या मुलींना तो काळ आठवतो. त्या पाहुण्यांकडे बघतही नाहीत.

तर कांदा. फासिकाचं मुख्य पक्वान्न दोरो वॉट, म्हणजे कोंबडीचा रस्सा. त्याची रीत अशी : कोंबडीचे तुकडे बारा. अंडी उकडून अख्खी रश्शात सोडायची, रंगवून टोपलीत मांडायची नाहीत. आणि मांसाच्या बरोबरीने, किंबहुना जास्तच, कांदा. तो अगदी बारीक चिरून, थेंबभर तेल न घालता, कोरड्या पातेल्यात तासन् तास परतायचा. मग बरबरे नावाचं लाल तिखट, मग मसाल्याचं तूप. फासिकाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी संचालकबाई सगळ्यांना कामं वाटत होत्या. आमची थोरली मध्येच म्हणाली, ‘‘माझे वडील आशियातल्या सर्वांत मोठ्या कांदा बाजारातले आहेत.’’

सगळ्या अंगणाने माझ्याकडे वळून पाहिलं. गणिताच्या मास्तरांकडेही कुणी असं पाहिलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या मालकीण एतिये. एतिये म्हणजे थोरल्या बाईला हाक मारायची रीत, आपल्या आक्कासारखी. त्यांनी अख्खं पोतं माझ्यापुढे आणून उलटं केलं. मी सवयीने मालावरून हात फिरवला. गोल्टी होती सगळी, म्हणजे अगदी बारका कांदा, त्यात जोडकांदा, चार डेंगळे. लासलगावला असला माल लिलावात शेवटी निघतो. मी मान हलवली. एतियेंना वाटलं, जाणकाराने पसंती दिली. त्यांनी मला सुरी दिली.

वाचकहो, कांद्याशी माझा संबंध उभ्या आयुष्यात क्विंटलमध्ये आला. ट्रॅक्टरवरचा, चाळीतला, गोणीतला, निर्यातीचा कांदा मी डोळे मिटून ओळखतो. चिरलेला कांदा मला पोह्यांवर भेटतो. त्यात गोल्टी सोलणं म्हणजे एका किलोमागे दुप्पट सालं. सुरीला धार म्हणाल तर ती माझ्यापेक्षा आधी निवृत्त झालेली. पहिली पाटी चिरून दाखवली. एतियेंनी एक फोड चिमटीत धरली, माझ्या डोळ्यांसमोर नेली, परत पाटीत टाकली आणि अंगठ्याच्या नखाचा निम्मा भाग दाखवला. म्हणजे एवढा बारीक हवा. मी मिक्सर सुचवला. मिक्सरने पाणी सुटतं, मग कांदा भाजत नाही, शिजतो, हे त्यांनी थोरलीकरवी सुनावलं. त्यानंतर वीजच गेली, तेव्हा तो विषय संपला.

अदिस समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे. पाणी उकळायला ठेवलं तर १०० अंशांना पोहोचतच नाही, अंडी जास्त वेळ उकडावी लागतात आणि माणसाला बसल्या जागी धाप लागते. या उंचीवर कांदा डोळ्यांना जास्त झोंबतो, असं शास्त्र म्हणतं की नाही कोण जाणे, मी म्हणतो.

त्या दिवशी सकाळी चर्चमधून हिरव्या लव्हाळ्याच्या पात्या वाटतात, त्या लोक डोक्याला बांधतात. एका पोरीने माझ्याही कपाळाला पात बांधून दिली. मी फाटकाजवळ, वाऱ्याच्या बाजूला पाट टाकून बसलेलो. चष्मा काढून ठेवलेला. दोन्ही गालांवरून धारा. रस्त्याने पांढरी वस्त्रं पांघरलेली माणसं चर्चकडे चाललेली. आदल्या दिवशी गुड फ्रायडे, दिवसभर दंडवत घालून त्यांचे गुडघे दुखत होते. त्यांना दिसला तो असा परदेशी म्हातारा : डोक्याला पवित्र पात, मान खाली, हुंदके देतोय. कांद्याची पाटी भिंतीआड होती.

पहिल्या आजी थांबल्या. त्यांनी माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं. मग दोघी आल्या. पहारेकरी टोपी काढून उभा राहिला. मी ‘शिंकुर्त, शिंकुर्त’ म्हणून ओरडत होतो, म्हणजे कांदा, कांदा. पण नाक चोंदल्यामुळे त्यातून काय उच्चार बाहेर पडला देव जाणे, आजींना आणखीच भरून आलं. दुपारपर्यंत आळीत बातमी : बालगृहात एक हिंदी म्हातारा आहे, तो येशूसाठी रडतो. तेवढ्यात लासलगावहून फोन. पेढीवरचा पोरगा किंचाळत होता, ‘‘दिवाणजी, निर्यात उघडली!’’ डिसेंबरपासून बंद असलेली कांदा निर्यात केंद्राने नेमकी त्याच दिवशी, ४ मेला, खुली केली होती. टनाला ५५० डॉलर किमान दर आणि वर ४० टक्के शुल्क. ‘‘४० टक्के?’’ मी ओरडलो आणि आता खरोखरच रडू आलं. समोरच्या आजींनी आकाशाकडे हात जोडले.

पाटीजवळ मात्र एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा नुसता बसून होता. तुझं गाव कुठे, असं त्याने थोरलीला विचारायला लावलं. मी मातीत काडीने दख्खनचा नकाशा काढला आणि मलिक अंबरची गोष्ट सांगितली. तुमच्याच मुलखातला पोरगा, १५४८ च्या सुमारास जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. बगदादमार्गे आमच्याकडे आला, निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना सळो की पळो केलं, १६१० मध्ये खडकी शहर वसवलं. मला वाटलं, पोराची छाती फुगेल. त्याने विचारलं, ‘‘मग तो घरी कधी गेला?’’

गेला नाही. १६२६ मध्ये वारला, खुलताबादला पुरला. मी खरं तेच सांगितलं. मुलाने थोडा वेळ नकाशाकडे पाहिलं, मग एक गोल्टी उचलली आणि सोलायला लागला. पोतं संपेपर्यंत उठला नाही. त्याच्या हाताचा वेग माझ्या तिप्पट होता.

रात्री कांदा चुलीवर चढला. हलवायची पाळी अर्थात तज्ज्ञाची. जेवण कधी, विचारलं तर एतिये म्हणाल्या, ‘‘रात्री नऊला.’’ जीव भांड्यात पडला. मग कळलं की त्यांचं घड्याळ दिवसा सूर्योदयापासून आणि रात्री सूर्यास्तापासून मोजतं. त्यांचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले पहाटेचे तीन. चर्चमधून ढोल ऐकू येत होते, मुलं मेणाच्या कांड्या घेऊन गेली होती, आणि मी उलथनं घेऊन. पहाटे सगळे परतले. आधी जवसाचं पातळ पेय, पोट सावरायला. मग एका मोठ्या ताटाभोवती सगळे.

आपण जसा घास भरवतो तसा तिथे भरवतात, त्याला गुर्शा म्हणतात, आणि तो नाकारायचा नसतो. त्या मुलाने अर्धं अंडं, कोंबडीचा तुकडा आणि इंजेऱ्याची हातभर घडी असा घास माझ्या तोंडात कोंबला. मला श्वास घेता येईना. बरबरे मेंदूपर्यंत गेलं. पुन्हा धारा. मुलं टाळ्या वाजवत होती. रश्शात कांदा कुठे दिसतो का, म्हणून मी शोधला. नव्हता. पूर्ण विरघळला होता, आणि एतियेंच्या मते तो दिसणं हीच नामुष्की.

सशांचं म्हणाल तर सकाळी कपाट उघडलं. चॉकलेट पांढरं पडलं होतं. मुलांनी एकेक कान खाल्ला आणि पुन्हा रश्शाकडे गेली.

कुणाला असं जायचं असेल तर जरूर जा. आधी त्यांचं कॅलेंडर बघा, खाऊ नेण्याआधी काय हवंय ते स्वयंपाकघरात विचारा, मुलांचे फोटो काढू नका आणि परत येणार नसाल तर ‘येईन’ म्हणू नका. शिवाय एक धारदार सुरी न्या. ती मोठ्या बॅगेत ठेवा, हातसामानात चालत नाही.