टायरपारखी

कोळशाच्या खाणींमुळे ज्या गावांच्या रस्त्यांवर रात्रंदिवस अवजड वाहतूक चालते, तेथे एक विशिष्ट जातीचा जाणकार आपोआप निपजतो, आणि यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे, जेथून कोळशाचे ट्रक घुग्घुस-चंद्रपूरकडे व वरोऱ्याकडे धावतात, तो विशेष पुष्ट झालेला आढळतो. यास टायरपारखी म्हणावे. त्याचे स्वतःचे दुकान नसते. पंक्चरच्या दुकानासमोरील बाकावर त्याची बैठक असते, आणि हाताला ग्रीस लागू न देता निदान करणे हा त्याच्या प्रतिष्ठेचा पाया असतो.

बोलेरो किंवा स्कॉर्पिओ येऊन थांबली की तो मालकाकडे न पाहता पुढच्या चाकाशी उकिडवा बसतो आणि बैलबाजारात दात तपासणाऱ्याच्या गांभीर्याने टायरवरून तळवा आडवा फिरवतो. एका दिशेने टायर गुळगुळीत व उलट दिशेने करवतीसारखे धारदार लागले, तर ‘टो’ बिघडला, म्हणजे वरून पाहता पुढच्या चाकांची तोंडे प्रमाणाबाहेर आत वा बाहेर वळली, असे तो जाहीर करतो. एकच कड घासून उरलेली नक्षी शाबूत असली, तर समोरून पाहता दिसणारा चाकाचा कल, ज्यास ‘कॅम्बर’ म्हणतात, त्याकडे त्याचा संशय वळतो. येथपर्यंत त्याचे शास्त्र निर्दोष असते. पुढे मात्र तो टायरावरून मालकाच्या चारित्र्यात शिरतो: मधला पट्टा झिजलेला, म्हणजे मायलेजच्या लोभाने हवा कडक मारणारा, दोन्ही कडा झिजलेल्या, म्हणजे कमी हवेवर लग्नाची अख्खी वरात कोंबणारा.

मालक बहुधा रस्त्यावर खटला भरूनच आलेला असतो. खड्ड्यात चाक आदळून टाय रॉडचे टोक, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा सांधा, ढिले होते आणि मग गाडी टायर खाते, हे पारख्यास मान्य असते. परंतु ‘खड्डा तुमच्या घरी आला होता काय जी?’ या एका प्रश्नाने तो फिर्यादीलाच आरोपी करतो. बोलेरोच्या मागे सलग अ‍ॅक्सल व पाटे असल्याने तेथे कोन बदलण्यास जागाच नसते, ही गोष्ट तो चारही चाकांच्या अलाइनमेंटचे पैसे भरून आलेल्या मालकासच, आणि चारचौघांत, समजावतो. हा त्याचा दुष्टपणा खराच, पण माहिती बरोबर असते.

त्याची खरी कसोटी यंत्राच्या कागदाशी लागते. संगणकावर मापलेले सर्व कोन हिरव्या रंगात उमटूनही गाडी डावीकडे ओढते, अशी तक्रार घेऊन एखादा शिक्षक येतो, तेव्हा पारखी कागद आदराने वाचतो, घडी करून परत देतो, आणि रस्ता कडेकडे उतरता असल्याने थोडी ओढ स्वाभाविक असते हे सांगून दुकानातील पोराला पुढची दोन टायरे डावी-उजवी अदलाबदल करावयास लावतो. फेरी मारून शिक्षक परततो तो गाडी आता उजवीकडे ओढते ही वार्ता घेऊन. ओढ टायराबरोबर बाजू बदलते, अर्थात दोष टायराच्या घडणीत आहे, कोनांत नाही. मालक निर्दोष ठरण्याचा हा दुर्मीळ प्रसंग असल्याने शिक्षक नव्या टायराचा खर्च विसरून उपस्थित सर्वांसाठी चहा सांगतो, आणि पारखी, निकाल मालकाच्या बाजूने गेल्यामुळे किंचित हिरमुसला होऊन, स्टेपनीत हवा किती आहे ते विचारतो.