ट्रान्झिटतज्ज्ञ

ज्यांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत अशा मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांच्या वर्तुळात आढळणारा ट्रान्झिटतज्ज्ञ हा बहुधा बँकेतून निवृत्त झालेला असतो, आणि लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या कोणत्याही दांपत्याला ‘तिकीट काढण्याआधी विचारायचं तरी!’ असे सुनावण्याचा अधिकार तो स्वतःकडे राखून ठेवतो. ट्रान्झिट व्हिसा म्हणजे ज्या देशात राहायचे नाही, केवळ विमान बदलायचे आहे, त्या देशाची परवानगी. इतरांना हा निव्वळ जाच वाटतो, तज्ज्ञाची मात्र त्यात समाधी लागते.

ब्रिटनमध्ये इमिग्रेशन न ओलांडता विमान बदलणाऱ्याचा व्हिसा वेगळा आणि ते ओलांडून दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपूर्वी देश सोडणाऱ्याचा वेगळा. पैकी पहिल्यातून अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्याला सूट मिळते, हे तो अशा थाटात सांगतो की ती सूट त्यानेच शब्द टाकून मिळवून दिली असावी. अमेरिकेत केवळ विमान बदलणाऱ्यालाही इमिग्रेशनला तोंड द्यावे लागते आणि व्हिसाविना ट्रान्झिटची तिथली सवलत 2003 मध्ये स्थगित झाली. हे साल तो 1761 च्या सुरात उच्चारतो. कॅनडा ट्रान्झिट व्हिसाला शुल्क आकारत नाही, त्यामुळे त्या देशाच्या एकंदर संस्कारांविषयी त्याचे मत चांगले आहे.

त्याच्या विद्वत्तेचा खरा उपयोग होतो तो स्वस्ताच्या मोहाने दोन स्वतंत्र तिकिटे काढणाऱ्यांना, कारण अशा वेळी सामान बहुधा शेवटच्या मुक्कामापर्यंत परस्पर जात नाही. अहळीव आणि डिंकाचे लाडू भरलेली बॅग पट्ट्यावरून उचलून पुन्हा चेक-इन करायची तर इमिग्रेशन ओलांडावे लागते, आणि तिथे केवळ विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलण्याची मुभा कामी येत नाही. एवढे एक प्रकरण त्याने सांगितले आणि बाकीचे गिळले, तरी समाजाचे भले होईल.

विमानकंपनीच्या काउंटरवरील कर्मचारी मात्र ‘टिमॅटिक’ या नियमसंग्रहात पाहून निर्णय देतात, कारण कागदपत्रे अपुरी असलेला प्रवासी नेल्यास कंपनीला दंड होऊ शकतो. तज्ज्ञ या संग्रहाला कनिष्ठ सहकारी समजतो: उत्तर जुळले तर ‘म्हटलं नव्हतं?’, न जुळले तर ‘कालच बदललेलं दिसतंय’. त्याचा स्वतःचा मुलगा त्याचे तिकीट नेहमी मुंबईहून थेट विमानाचे काढतो. पैसे जास्त पडतात, पण मुलगा ते आनंदाने भरतो.