बहात्तरची माय

पांझरा नदीच्या काठी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात वसलेल्या पिंपळनेरच्या परिसरात, शेतकरी घरातील ज्या वृद्धेला मुले ‘माय’ आणि नातवंडे ‘मोठी माय’ म्हणतात, तिची कालगणना शकाची नसते आणि इसवी सनाचीही नसते. तिच्या लेखी काळाचे दोनच खंड पडतात, बहात्तरच्या आधीचा आणि बहात्तरच्या नंतरचा. खानदेशी वाचकाला याचा उलगडा करून देण्याचे कारण नाही, कारण प्रत्येक भाऊबंदकीत अशी एक माय असतेच आणि प्रत्येक पंगतीत तिने निदान एकदा तरी बहात्तर काढलेले असते. इतरांसाठी एवढे सांगणे पुरे की बहात्तर म्हणजे 1972 चा दुष्काळ, ज्यात रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी आली, भाजलेल्या पिठाचे सुकडी नावाचे कोरडे, गोडसर खाद्य वाटले गेले आणि बागायतदारांच्या सुनाही डोक्यावर पदर घेऊन दुष्काळी कामावर खडी फोडायला बसल्या.

‘बहात्तरमा हाई बी नही व्हतं’, म्हणजे त्या साली हेही नव्हते, हे तिचे अहिराणीतील पालुपद कशालाही लागू पडते. जावयाने शेवभाजी जरा फिकी झाली असे चुकून म्हटले, नातवाच्या मोबाइलचे चार्जिंग संपले, लग्नात आइस्क्रीम वितळलेले निघाले, तरी उत्तर तेच. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्याची पट्टी सोडून डॉक्टरने ‘आजी, आता कसे दिसते?’ असे विचारले, तरीही उत्तर तेच. या प्रकारच्या स्त्रियांचा बारकाईने विचार केल्यास एक अडचण मात्र उद्भवते : त्यांच्यापैकी काहींच्या आधार कार्डावरील जन्मसाल खरे धरले, तर ऐन दुष्काळात त्या पाळण्यात असायला हव्यात. अर्थात ज्या कार्डावर निम्म्या गावाचा जन्म 1 जानेवारीला झालेला असतो, त्याच्यापेक्षा मायच्या शब्दावर विश्वास ठेवणे अधिक शास्त्रीय होय.

पाणी हा तिचा दुसरा विषय, पण तोही फिरून बहात्तरलाच जाऊन मिळतो. पांझरेवर फड पद्धती ही सिंचनाची जुनी व्यवस्था चालत आली आहे, जिच्यात नदीला बंधारा घालून पाटाने पाणी काढतात, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडून एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे असते आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवायचा हे शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचे असते. अभ्यासक या व्यवस्थेतील समन्यायाची वाखाणणी करतात. मायला समन्याय तत्त्वतः मान्य असला, तरी आपल्या वावराची पाळी आली की पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, नेमका विडी ओढायला बसतो, अशी तिची पक्की समजूत असते आणि ती समजूत ती बांधावर उभी राहून पाटकऱ्याच्या तीन पिढ्यांसह जाहीर करते.

तिचा खरा दरारा मात्र कणगीवर, म्हणजे धान्य साठवण्याच्या शेणाने लिंपलेल्या बांबूच्या कोठीवर चालतो. उन्हाळ्यात बिबडे घालायचे झाले की गल्लीतल्या बाया तिच्या हुकमाखाली राबतात : ज्वारी भिजवून भरडायची, लसूण, जिरे आणि तीळ घालून तिचा घाटा शिजवायचा, तो गरम असतानाच ओल्या धोतरावर हाताने गोल पसरायचा आणि वाळला की धोतराच्या मागच्या बाजूने पाण्याचा हात फिरवून एकेक बिबडा न मोडता सोडवायचा. एखादा मोडलाच तर मोडणारीचे माहेर निघते. एवढ्या खटाटोपाने केलेले बिबडे मग डब्यात बंद होतात आणि गेल्या वर्षीचे संपल्याखेरीज यंदाच्यांना हात लावायचा नाही, या तिच्या नियमापायी त्या घराने ताजे बिबडे कधी चाखलेलेच नसतात. कांद्याला भाव असताना चाळ रिकामी न करणे, बियाण्याला राख चोळून ते वर्षभर पुरेल त्याच्या दुप्पट ठेवणे, या सवयींना मुले चिक्कूपणा म्हणतात, आणि तसे म्हणण्यात त्यांचे फारसे चुकतही नाही.

पण 2020 च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि सुरत-नाशिककडे पोटासाठी गेलेली मुले, सुना, नातवंडे जमेल त्या वाटेने गावाकडे परतू लागली, तेव्हा कणगीचे तोंड उघडले आणि शिळे बिबडे, जुनी ज्वारी, उडीद घालून दळलेल्या कळण्याच्या भाकरी यांवर घरे कित्येक आठवडे निघाली. ज्या दिवसांत बहात्तरचा दाखला खरोखर चपखल बसला असता, त्या दिवसांत मायने तो एकदाही दिला नाही. ती भाकरी थापत राहिली आणि शहरातल्या सुनेला पीठ जरा घट्ट मळायला सांगत राहिली.

तिला भुकेचे वर्ष एवढे जवळचे का वाटावे, हा प्रश्न घरात कुणाला पडत नाही. महाराष्ट्रातील रोजगार हमी योजना त्याच 1972 साली सुरू झाली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 2005 च्या देशव्यापी कायद्यापुढे तिचाच नमुना होता, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत असते. मायला आठवते ते मस्टर, म्हणजे मजुरांचे हजेरीपुस्तक, ज्यात मुकादमाने नवऱ्याच्या नावाखाली तिचेही नाव लिहिले, त्यापुढे तिचा अंगठा घेतला आणि मजुरी तिच्या हातावर ठेवली. घरच्या वावरात त्याआधी आणि त्यानंतर तिने निंदणी, कापणी, मळणी आणि कांद्याची लावणी किती केली, याचे मस्टर कुणी ठेवले नाही. बहात्तरमध्ये पोटाला नव्हते हे खरे, पण नाव होते.

पुन्हा कागदावर येण्यासाठी तिला पतीच्या मृत्यूपर्यंत थांबावे लागते. 1986 साली शेतकरी संघटनेने शेजारच्या नाशिक जिल्ह्यात चांदवडला महिलांचे मोठे अधिवेशन भरवले आणि पुढे पतीने स्वखुशीने पत्नीच्या नावे जमीन करून द्यावी यासाठी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. काही घरांनी तसे केले, पुष्कळांनी लक्ष्मी देव्हाऱ्यातच ठेवणे पसंत केले. त्यामुळे सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या मालकीची आणि पिकांची नोंद असलेल्या उताऱ्यावर, मायचे नाव लागते ते वारस म्हणून, आणि दुसऱ्या वारस नोंदीने ते उतरते. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 सालीच केली असली, तरी मायची गंधमुक्ती, म्हणजे मृत्यूनंतरचे उत्तरकार्य, आटोपली की भाऊ बहिणींना गाडीत घालून साक्रीला नेतात, हक्कसोडपत्रावर सह्या घेतात आणि परतताना प्रत्येकीला एकेक साडी घेतात. सासरी गेल्यावर तिची किंमत किती सांगायची, एवढाच प्रश्न मग लेकींपुढे उरतो.