लाल फीत

एक डिसेंबर जवळ आला की महाविद्यालयांना एड्स आठवतो. रेड रिबन क्लबचं कुलूप निघतं, एनएसएसची पोरं टोप्या चढवून फेरी काढतात आणि फाटकापाशी रांगोळी स्पर्धा होते. लाल फीत काढायला सोपी. एक वळसा, खाली दोन शेपट्या, पांढरी कड. पथनाट्यात यमदूत येतो, वाया गेलेला मुलगा मरतो आणि शेवटी सगळे ‘सावध राहा’ म्हणून ओरडतात. कशापासून आणि कसं, ते वरिष्ठांनी संहिता तपासतानाच गाळलेलं असतं. ‘निरोध’ सरकारने १९६८ साली बाजारात आणला. कॉलेजच्या माइकवर तो अजून पोहोचायचाय.

बिचाऱ्या प्राचार्यांना तरी किती बोल लावणार? शाळेतून येणारी पोरंही कोरीच येतात. २००७ साली विधिमंडळात संस्कृतीच्या नावाने गदारोळ झाला आणि सरकारने शाळांमधलं लैंगिक शिक्षण गुंडाळून टाकलं. ही त्याच महाराष्ट्राची गोष्ट, जिथे र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गमावली आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. हस्तमैथुन, समलिंगी संबंध असल्या विषयांवर वाचकांनी प्रश्न विचारले, कर्व्यांनी सरळ उत्तरं छापली, म्हणून खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. ती उत्तरं आज कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावली, तर दुपारपर्यंत चौकशी समिती बसेल.

त्याच कॉलेजचं रक्तदान शिबिर मात्र बघण्यासारखं असतं. जिमखान्यात खाटा, कोपऱ्यात चहा आणि ग्लुकोज बिस्किटं, दारात आमदारांचा फ्लेक्स. वर्षभर ज्याचं नाव निघत नाही तो विषय इथे सरकारी नियम होऊन हजर असतो. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पुरुषांशी संबंध ठेवणारा पुरुष रक्त देण्यास कायमचा अपात्र, तृतीयपंथीयही तसेच. वर्षानुवर्षं एकाच जोडीदाराबरोबर राहा, तपासणीचा कागद खिशात घेऊन या, कायमचा म्हणजे कायमचा. वास्तविक प्रत्येक पिशवी एचआयव्हीसाठी तपासली जाते. लागण झाल्यावर काही दिवस विषाणू चाचणीत सापडत नाही हे खरं, पण तो काही माणूस बघून लपत नाही. ब्रिटनने २०२१ मध्ये आणि अमेरिकेने २०२३ मध्ये सरसकट बंदी सोडून सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. आपल्याकडचा समलिंगी मुलगा फॉर्म हातात घेऊन रांगेत उभा. खरं सांगावं तर मागे अख्खा वर्ग कान देऊन आहे, खोटं सांगावं तर प्राचार्यांच्या सहीचं प्रमाणपत्र. मग तो म्हणतो, “सर, सकाळपासून काही खाल्लं नाहीये,” आणि रांगेतून बाहेर पडतो. खिशात एसटीचा पास.

या पासवाल्यालाच केंद्र सरकारने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात शहरी उच्चभ्रूंमध्ये बसवलं. समलिंगी विवाहाची मागणी म्हणे मूठभर उच्चभ्रूंची! बार कौन्सिल ऑफ इंडिया आणखी पुढे गेली. देशातल्या ९९.९ टक्क्यांहून जास्त लोकांचा याला विरोध आहे, असा ठराव तिने केला. मोजणी कधी झाली, देव जाणे. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरसुद्धा इतकं एकमत होत नाही.

केंद्राने याच प्रश्नावर राज्यांना मत विचारलं, तेव्हा सातांनी उत्तर दिलं. भाजपचा आसाम, काँग्रेसचं राजस्थान आणि वायएसआर काँग्रेसचा आंध्र, तिघांचाही विरोध. एरवी एकमेकांच्या चहालाही न जाणारे पक्ष दुसऱ्याच्या लग्नाला अडवायचं म्हटल्यावर एका मांडवात! आणि महाराष्ट्र? आपण वेळ मागून घेतला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं की विवाह हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. मग कॅबिनेट सचिवांची समिती बसली, आणि २०२४ मध्ये खुलासे आले. समलिंगी जोडीदार एका रेशनकार्डावर राहू शकतात. बँकेत जॉइंट खातं उघडू शकतात, खात्यावर एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमू शकतात. गहू-तांदूळ एका घरात शिजतो, हे पुरवठा खात्याला पटलंय. विवाह नोंदणी कार्यालयात मात्र हे दोघे एकमेकांचे कोणी नाहीत.

राहता राहिली संसद. तिथे सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायदा बदलण्यासाठी २०२२ सालीच खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी विधेयकांचं जे होतं, तेच त्याचं झालं.