कुणाचाच नसलेला पुतळा

काकू : ओ बाई, काय करलालाव? जरा कंपाउंडजवळ या की.

बाई : आले, आले. झालं काय एवढं?

काकू : आमचं पोरगं हो! दिवाळीला मुंबईहून आलंय. अहमदपुरात पाय ठेवला की गाठलं भंगारवाल्याला. रोटाव्हेटरची झिजलेली पाती विकत आणली, विकत! दिवसभर नांदेड रोडच्या दुकानात बसून वेल्डिंग करलालंय. म्हणलं, कुणाचा पुतळा रे? तर म्हणतंय, कुणाचाच नाही.

बाई : बरोबर सांगितलं की त्यानं. आकार आहे तो नुसता. पिलू पोचखानवाला तेच करायच्या.

काकू : ह्या कोण?

बाई : मुंबईच्या पारशी बाई. १९२३ चा जन्म. शिकल्या बी.कॉम., नोकरी जाहिरातीच्या धंद्यात. १९५१ ला युरोपात गेल्या, तिथली शिल्पं बघितली अन् ठरवलं, आपण हेच करायचं. शिल्पकार ना. ग. पानसऱ्यांकडं शिकल्या. लाकूड, दगड, सिमेंट सगळं हाताळलं आणि भंगारातल्या लोखंडाचं वेल्डिंगही केलं.

काकू : बया! चांगली नोकरी सोडून वेल्डिंग? तेही त्या काळात, बाईमाणसानं?

बाई : तर! दगडाचं कसं, छिन्नीनं टवका उडाला की उडाला, परत चिकटत नाही. लोखंड जोडता येतं, नाही पटलं तर कापून पुन्हा जोडता येतं. शिवाय एका टोकावर तोलून अधांतरी काढता येतं. दगड तेवढा लांब काढला तर मोडतो. म्हणून ह्यात मधली मोकळी जागासुद्धा कामाचीच असते.

काकू : अगं माय! त्याच्या त्या वस्तूला मधोमध हे एवढं भगदाड आहे. मला वाटलं, पत्रा कमी पडला.

बाई : (हसून) विचारा त्याला, मुद्दाम ठेवलं असेल.

काकू : ते राहू द्या. पोटाला काय खाणार हे?

बाई : आदी दावियरवाला नावाचे शिल्पकार होते, औषधनिर्मितीचं शिकलेले. तेही पानसऱ्यांचेच शिष्य. नोकरी सांभाळून त्यांनी शिल्पं केली. तुमच्या पोरालाही सांगा, एक हात पगारावर ठेव.

काकू : हे मात्र बोललाव बरं!

बाई : आणि पिलूबाईंनी स्वतःपुरतंच बघितलं नाही. मुंबईतल्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये आधुनिक कलेचं संग्रहालय व्हावं म्हणून त्यांनी आणि कलादालन चालवणाऱ्या केकू गांधींनी लावून धरलं. बाई १९८६ ला गेल्या. संग्रहालय उघडलं १९९६ ला.

काकू : म्हंजे बघायला मिळालंच नाही त्यांना! खटपट एकीची, बघणार दुसरे.

बाई : मघाशी म्हणालात ना, कुणाचा पुतळा? आपल्याकडं पुतळा म्हटलं की खाली नाव पाहिजे, वर हार पाहिजे. नाव नसलं की आपण बिचकतो.

काकू : मी कशाला बिचकू? ठेव म्हणते अंगणात, तुळशीपासून लांब. पण आधी त्या पात्यांच्या कडा घासून घे म्हणावं. कलाबिला नंतर, लेकरं खेळतात तिथं.