कराटेसर

कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत स्टेशनागणिक एक तरी कराटेसर सापडतोच. आमच्या शहाडचे सर म्हणजे त्यांचा अर्क. क्लास सोसायटीच्या हॉलमध्ये. भिंतीवर कुणाच्या तरी सत्यनारायणाचं सुकलेलं तोरण आणि त्याखाली गिचिन फुनाकोशींचा फोटो. हे ओकिनावाचे शाळामास्तर, १९२२ साली कराटे घेऊन टोकियोला गेले. त्यांच्या शेजारी मारुती. हॉल बारशाला दिला की दोघंही सरांच्या एकाच पिशवीतून घरी जातात.

क्लास सुरू होताना मुलांनी फोटोपुढे वाकायचं. इथेच पालक उठतात. सरांकडे माणूस बघून उत्तर तयार.

सेंच्युरी रेयॉनमधून रिटायर झालेल्या एका आजोबांनी विचारलं, "जपान्याच्या पाया कशाला पडायचं?" सर म्हणाले, "आजोबा, विद्या आपलीच. कांचीपुरमचा बोधिधर्म शाओलिनला गेला, त्यानं शिकवली." ही कथा ज्या चिनी पोथीच्या आधारानं सांगतात, ती बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी, सतराव्या शतकात लिहिलेली. पण आजोबा मारुतीला हार घालून खूश होऊन गेले होते.

मोहोन्याच्या एका मुलीच्या अब्बांना शंका आली. "सलाम समजा," सर म्हणाले, "मान झुकवली तरी पुरे." एका मुलाचे नास्तिक वडील आले, तेव्हा तेच वाकणं मांडीच्या मागच्या स्नायूंचं स्ट्रेचिंग झालं. दसऱ्याला नानचाकूंवर झेंडू पाहून ते भडकले. "ऑइलिंगचा दिवस आहे साहेब. मेंटेनन्स." हळदकुंकवाचं काय, हे मात्र सरांनी सांगितलं नाही.

वडीलही कसलेले. त्यांनी मोबाइल पुढे केला. अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात, काही ज्यूदो खेळाडू 'मॅटपुढे आणि फोटोपुढे वाकणं आमच्या धर्मात बसत नाही' म्हणून थेट कोर्टात गेले होते. सरांचा चेहरा उतरला. "निकाल?" २००२ साली खेळाडू हरले. सर एकदम ताठ. "मी काय म्हणत होतो?" खरं तर ते आजवर एकच एक असं काही म्हणालेच नव्हते.

परवा पिवळ्या पट्ट्यातल्या एका कार्टीनं सगळ्यांसमोर विचारलं, "सर, वाकताना तुम्ही मनात काय म्हणता?"

सर कमरेवर हात ठेवून हळूच सरळ झाले. "उसण भरू नये, एवढंच."