ढोसली म्हणू नये, घेतली म्हणावं

"अगं शुभा, कपडे नंतर वाळत घाल, आधी इकडे ये. रात्री हळदीला शेवटपर्यंत होतीस ना?"

"होते की काकू. डीजे बंद होईपर्यंत झोप कोणाला येणार होती? झिंगाट तर पुन्हा पुन्हा लावत होते. नवरदेवाचे मामा मांडवाचा खांब धरून नाचत होते."

"नाचत कसले, खांब होता म्हणून उभे होते. तर्र झाले होते तर्र!"

"हळू बोला, ऐकू जाईल. त्यांच्या बहिणीने मला सांगितलं, दादा जरा रंगात आलाय."

"बघ! मामा रंगात येतो. आणि मांडववाल्या पोराने त्याच बाटलीतली घेतली, तर हीच बाई ओरडते, 'मेला ढोसून आलाय, वायरीला हात लावू देऊ नका!' या कानांनी ऐकलंय मी."

"आमच्या ऑफिसातही तसंच. साहेब ड्रिंक्स घेतात, हेडक्लार्क कधीमधी घेतात, शिपाई पितो आणि वॉचमन बेवडा."

"म्हणजे पगार बघून क्रियापद! आणि ही आजकालची पोरं काय काय बोलतात गं? टाइट, टल्ली, टुन्न, फुल्ल, आउट. सगळं एकच ना?"

"छे हो, एकच कसं? आमच्या धाकट्या दिराने समजावलंय मला. टाइट म्हणजे आवाज चढलेला, पण घरचा पत्ता पाठ. टल्ली झाला की पत्ता दुसऱ्याला विचारतो. आणि आउट म्हणजे पत्ता सांगून उपयोग नाही, उचलून पोचवायचा."

"बराच अभ्यास आहे दिराचा! आमच्या वेळी सरळ म्हणायचे, पावशेर मारून आलाय. ज्याला तेवढी झेपत नसे त्याची नवटाक, पावशेराच्या निम्मी. १९५८ पासून किलो-ग्रॅम आले, वाण्याकडचा शेर गेला, पण दारुड्यांनी पावशेर काही सोडला नाही."

"आता क्वार्टर म्हणतात, तीही पावच की! १८० मिली. खिशात बसते म्हणून चपटी."

"आणि पेपरवाल्यांचा लाडका तळीराम? गटारी आली, ३१ डिसेंबर आला, की तळीरामांवर पोलिसांची नजर. शंभरी उलटली बिचाऱ्याची. 'एकच प्याला' नाटक १९१९ चं."

"सुधाकराला प्यायला लावतो, तोच ना?"

"तोच. गडकऱ्यांनी एवढा हुशार वकील धुळीला मिळवला, सिंधूचा संसार बुडवला, नि लोकांच्या तोंडी कोण राहिला? त्या वकिलाचा कारकून! 'सुधाकर झालाय' असं म्हणतं का कुणी?"

"कसं म्हणतील? रडू येईल. तळीराम म्हटलं की हसता येतं."

"हसण्यावारी नेणाऱ्यांना माझ्या माहेरी पाठवायला हवं. तिथे बायकांनी मतदान करून दुकान बंद पाडलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या बायकांच्या मतदारयादीतल्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली, की दुकानाला कुलूप. माझ्या मोठ्या वहिनीने उभ्या जन्मात पाटी धरली नव्हती, पण शिक्का बरोबर आडवीवर मारला."

"नवरा रोज आडवा झालेला बघायचा, तर बाटली ओळखायला कितीसा वेळ लागतोय!"

"हो ना."

"पण काकू, झिंगाट मात्र सुटलं हं त्यातून. पूर्वी झिंगला म्हटलं की प्यायलेलाच. २०१६ ला सैराट आला आणि आता गॅदरिंगला बालवाडीची पोरं त्यावर नाचतात, आज्या टाळ्या वाजवतात."

"वाजवू देत. लेकराला कसली लागते गं? केक दिसला तरी चढते त्याला. तुझा नवरा नाही का, त्या २०२४ च्या वर्ल्ड कपला टेरेसवर शर्ट फिरवत होता?"

"कोकम सरबतावर हो! आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या आळीत बातमी, याने लावली होती म्हणून."

"कोण गं असं बोललं?"

"तुम्हीच, काकू."

"मी? मी एवढंच म्हटलं, की जरा रंगात आलाय."

"बरं, मामा उठले का?"

"उठले. ओसरीवर डोकं धरून बसलेत. बहीण आत्ताच लिंबू मागून गेली."

"जास्त झाली म्हणाली?"

"जास्त कुठली! कालच्या वांग्याने दादाला पित्त झालंय म्हणे."

"आणि त्या मांडववाल्या पोराला?"

"त्याला पित्त कसं परवडेल? सकाळी सहालाच येऊन खुर्च्या मोजतोय."